वळूचं दूध आणि बाईंचे मार्क

वळू दूध देत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण अमुक वळू दुधाला चांगला की सुमार, हे मात्र पैदासशास्त्राची माणसं आकड्यात सांगतात. याच्या लेकी एका वेताला इतकं दूध जास्त देतील, त्याच्या लेकी इतकं कमी. ज्याने आयुष्यात थेंबभर दूध दिलं नाही, त्याच्या दुधाचा हिशोब! तो निघतो लेकींच्या बादलीतून, आणि तो काढणं सोपं नाही. बादलीत नुसता बापाचा गुण नसतो. आई कोण, गोठा कसला, चारा हिरवा की वाळलेला, वेत कितवं, उन्हाळा किती कडक, मालक पेंड सढळ हाताने घालतो की हात राखून, हे सगळं त्याच दुधात मिसळलेलं असतं. त्यातून बापाचा वाटा तेवढा वेगळा काढायचा.

हे ज्याने गणिताने करून दाखवलं तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले चार्ल्स हेंडरसन. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी बसवलेली समीकरणं आज जगभर पशुपैदाशीत वापरली जातात. आणि याच समीकरणांनी पुढे अमेरिकेतल्या लाखो शाळामास्तरांच्या आणि बाईंच्या नोकरीचा, बढतीचा, बोनसचा फैसला करायला घेतला. अतिशयोक्ती वाटेल, पण गोठ्यातून वर्गापर्यंतचा हा रस्ता अगदी सरळ आहे.

रस्ता दाखवणाऱ्याचं नाव विल्यम सँडर्स. टेनेसी विद्यापीठात, नॉक्सव्हिल गावी, शेतीच्या प्रयोगांची संख्याशास्त्रीय बाजू सांभाळणारा माणूस. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेसीचे गव्हर्नर लमार अलेक्झांडर चांगल्या शिक्षकांना जास्त पगार द्यावा म्हणत होते आणि विरोधकांचं म्हणणं होतं, चांगला कोण हे मोजणार कसं? मुलांच्या मार्कांवरून तर नाहीच. श्रीमंत वस्तीतल्या शाळेत मार्क आपोआप जास्त पडतात. सँडर्सना यात अडचण अशी काही दिसेना. असला गुंता ते रोजच सोडवत होते. वळूच्या जागी शिक्षक, लेकींच्या जागी विद्यार्थी, दुधाच्या जागी मार्क. गोठा, चारा, आई यांचा परिणाम जसा वजा करतात, तसा मुलाच्या घरचा, पूर्वीच्या अभ्यासाचा परिणाम वजा करायचा. नॉक्स परगण्याच्या शाळांचे आकडे घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं. १९९२ साली टेनेसीने शिक्षण सुधारणेचा कायदा केला आणि ही पद्धत राज्याच्या कायद्यातच बसवली. सगळीकडे तिला 'व्हॅल्यू अ‍ॅडेड' म्हणू लागले.

तिच्यातली न्यायबुद्धी आधी दाद देण्यासारखी आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के' असा फलक चढतो. त्या फलकावरून शाळेत शिकवतात कसं हे कळत नाही, शाळेत कोण येतं हे कळतं. सँडर्सची पद्धत हा फलक बघतच नाही. ती प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्याच मागच्या मार्कांशी ताडून बघते. पाचवीला आलेलं पोर वाचताना अडखळत होतं आणि वर्षअखेर अपेक्षेपेक्षा पुढे गेलं, तर ते नापास असलं तरी बाईंच्या खात्यात जमा. वस्तीतल्या, पालकांनी ओवाळून टाकलेल्या शाळेतल्या शिक्षिकेला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, की तुमच्याकडे मुलं कुठून आली हे नाही विचारत, तुम्ही कुठवर नेली ते सांगा.

यंत्राच्या आत काय चालतं, ते जवळून पाहू. पुढचे आकडे माझे आहेत, हिशोब मात्र तोच.

एका बाईंच्या वर्गात २० मुलं. प्रत्येकाच्या मागच्या दोनतीन वर्षांच्या मार्कांवरून यंत्र अंदाज बांधतं: हिला यंदा १०० पैकी ६२ पडावेत, त्याला ४८. परीक्षा होते. हिला पडतात ७०, म्हणजे अधिक ८. त्याला ४५, म्हणजे उणे ३. अशा वीस फरकांची सरासरी आली समजा अधिक ५. घाईचा माणूस म्हणेल, बाईंनी वर्ग पाच मार्कांनी वर नेला. हेंडरसनचं गणित म्हणतं, जरा दम धरा. एकेका मुलाचे मार्क अंदाजापासून बारा-बारा मार्कांनी सहज इकडेतिकडे होतात: कुणाला ताप होता, कुणाला नेमकं पाठ केलेलंच आलं, कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालं. वीस जणांची सरासरी घेतली की हा गोंधळ घटतो, पण संपत नाही. बाराला वीसच्या वर्गमुळाने भागा, पावणेतीन मार्कांच्या आसपास उरतोच. आणि शिक्षका-शिक्षकांतला खरा फरक असतो समजा दोन मार्कांचा. म्हणजे शोधायची वस्तू लहान आणि धूळ तिच्याहून मोठी. म्हणून गणित त्या पाचांना सरासरीकडे मागे खेचतं आणि बाईंच्या नावावर मांडतं फक्त १.८. तीन वर्षांची मिळून ६० मुलं असती आणि सरासरी तेवढीच आली असती, तर ३.१ मांडले असते.

ही मागे खेचण्याची युक्ती या पद्धतीचा प्राण आहे. ज्या वळूच्या लेकी मोजक्या, त्याच्याबद्दल फार मोठं बोलायचं नाही. जसजशा लेकी वाढतील तसतशी गणिताची जीभ सैल होते. अडाणी शहाणपण आहे हे, फक्त समीकरणात लिहिलेलं. त्याचा एक गमतीदार परिणाम असा, की नव्या शिक्षिकेला यंत्र आधी जवळजवळ सरासरीच मानतं. ती अलौकिक असली तरी आणि अगदीच टाकाऊ असली तरी.

आता या यंत्राला खरंच काही दिसतं का? दिसतं, आणि ज्यांना ही सगळी भानगड मुळातच थोतांड वाटते त्यांनी इथे थोडं थांबावं. टॉमस केन आणि डग्लस स्टेगर या दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये ७८ जोड्या वर्ग घेतले आणि कुठला वर्ग कुणाला द्यायचा हे सोडत काढून ठरवलं. म्हणजे हेडमास्तरांची मर्जी नाही, पालकांची चिठ्ठी नाही. जुन्या मार्कांवरून ज्यांचे अंदाज वर होते, त्यांच्या वाट्याला आलेली मुलं खरोखरच पुढे गेली, साधारण अंदाज होता तितकीच.

त्याहून मोठं काम राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकऑफ या अर्थशास्त्रज्ञांचं. त्यांनी एका मोठ्या शहरातल्या दहा लाखांहून अधिक मुलांच्या शाळेच्या नोंदी पुढच्या आयुष्यातल्या प्राप्तिकराच्या नोंदींना जोडल्या. चौथीतल्या बाई कोण होत्या, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पगार किती! यंत्राने ज्यांना चांगलं म्हटलं त्या शिक्षकांच्या हाताखालची मुलं कॉलेजात जास्त गेली, थोडं जास्त कमावू लागली, मुलींना किशोरवयात मूल होण्याचं प्रमाण कमी झालं. अगदी तळच्या पाच टक्क्यांतल्या शिक्षकाच्या जागी सरासरी शिक्षक आणला तर एका वर्गाच्या आयुष्यभराच्या कमाईत, आजच्या किमतीत, सुमारे अडीच लाख डॉलरची भर पडेल असा त्यांचा हिशोब निघाला. २०१२च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामांनी हाच आकडा देशापुढच्या वार्षिक भाषणात सांगितला.

मला स्वतःला या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त चक्रावून टाकते. चांगल्या शिक्षकामुळे वाढलेले मार्क पुढच्या तीनचार वर्षांत बरेचसे विरून जातात. सातवीपर्यंत पोचेतो चौथीच्या बाईंची खूण जवळपास पुसलेली. आणि मग ऐन विशीत, पगाराच्या पावतीवर ती खूण पुन्हा वर येते. मधली वर्षं ती कुठे होती? मार्कांत नव्हती, एवढं नक्की. बाईंनी जे काही दिलं ते परीक्षेने एकदाच ओझरतं पाहिलं आणि नंतर तिला ते दिसलंच नाही.

इथून गोष्ट विचित्र होत जाते.

जेसी रॉथस्टीन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायना राज्याचे आकडे घेऊन यंत्राला एक वात्रट प्रश्न विचारला. पाचवीच्या शिक्षकाचा चौथीच्या मार्कांवर किती परिणाम होतो? उत्तर शून्य यायला हवं. पाचवीच्या बाईंनी त्या मुलांना अजून पाहिलेलंही नाही. २०१० साली छापलेल्या त्याच्या निबंधात उत्तर आलं: भरपूर होतो. पुढच्या वर्षीचे शिक्षक चौथीतल्या प्रगतीवर, म्हणजे भूतकाळावर, छाप पाडताहेत असं यंत्र सांगत होतं.

काळ उलटा वाहत नाही, हे यंत्राला माहीत नाही. शाळेतल्या कुणाही जुन्या शिक्षकाला मात्र खरं कारण ठाऊक असतं. तुकड्या आपोआप पडत नाहीत. द्वाड पोरं देशपांडेबाईंना, त्या आवरतात म्हणून. रडवी नव्या मॅडमना. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू जिथे त्यांना हवा तिथे. चौथीत ज्यांची गाडी अडली ती मुलं पाचवीत एका विशिष्ट वर्गात गोळा होतात. त्यातल्या ज्यांचं मागचं वर्ष नुसत्या दुर्दैवाने वाईट गेलं होतं, ती पुढच्या वर्षी आपसूक सावरतात आणि श्रेय बाईंना मिळतं. उलट, ज्यांचे मार्क नशिबाने चढले होते ती खाली घसरतात आणि खापर दुसऱ्या बाईंवर. चेट्टी आणि मंडळींनी यावर उत्तर दिलं. एखादा शिक्षक शाळा सोडून दुसरीकडे जातो तेव्हा त्या अख्ख्या इयत्तेची सरासरी किती हलते ते त्यांनी पाहिलं आणि हा पक्षपात फार नाही असं म्हटलं. रॉथस्टीनला ते पटलं नाही. दोन्हीकडची माणसं तगडी आहेत आणि वाद संख्याशास्त्राच्या अशा गल्लीत शिरला की तिथे आपण बाहेर उभं राहिलेलं बरं.

दुसरा वात्रट प्रश्न त्याच्याही पुढचा. न्यूयॉर्क शहरात शाळांमध्ये मुलांची तंदुरुस्ती मोजताना उंचीही नोंदवतात. मारियान बिटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी मार्कांच्या जागी ती उंची घातली आणि तेच यंत्र चालवलं. कुठल्या बाईंच्या वर्गात मुलं अपेक्षेपेक्षा जास्त उंच झाली? २०१९ साली निष्कर्ष बाहेर आला. शिक्षकांचा उंचीवरचा 'परिणाम' जवळजवळ गणितावरच्या आणि वाचनावरच्या परिणामाइतकाच मोठा दिसत होता. काही बाईंनी मुलांना ताणून उंच केलं होतं, काहींनी खुंटवलं होतं म्हणा! खोलात गेल्यावर हा सगळा योगायोगाचा खेळ निघाला. पंचवीस मुलांच्या वर्गात एखाद्या वर्षी भराभर वाढणारी चारपाच पोरं आली की झालं. पण एका वर्षाच्या आकड्यांवर जो माणूस पदक देतो किंवा नोटीस काढतो, त्याच्या हातात याच्यापेक्षा वेगळं काय असतं?

वळूच्या बाबतीत ही फजिती का होत नाही? कारण गोठ्यात एक गोष्ट झाली होती जी शाळेत कधीच झाली नाही: कृत्रिम रेतन. एका वळूच्या रेतमात्रा शेकडो गोठ्यांत जातात, त्याच्या लेकी हजारोंनी, वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या मालकांकडे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने संकरित गायींचं काम सुरू केलं तेव्हापासून पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यालाही या व्यवस्थेचा अर्थ माहीत आहे. वळू एका जागी, वासरं गावोगाव. त्यामुळे कुठल्या एका गोठ्याची लक्ष्मी किंवा अवदसा वळूला चिकटत नाही. शिक्षिका मात्र एका शाळेत, एका खोलीत, वर्षाला पंचवीस मुलं घेऊन बसलेली असते. खोली गळकी असेल, शेजारच्या वर्गात गोंधळ असेल, वर्षाच्या मध्यात मुलं गाव सोडून गेली असतील, ते सगळं तिला चिकटतं. शिवाय वळूला आपण मोजले जातोय हे कळत नाही. तो लेकींच्या बादलीत पाणी घालत नाही.

माणूस घालतो. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात २००९च्या परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांवर खोडाखोड फार दिसली. तिथलं मोजमाप सँडर्सचं नव्हतं, साधी मार्कांची लक्ष्यं होती, पण दबाव त्याच जातीचा. २०११च्या सरकारी चौकशी अहवालात ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली; २०१५ साली ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. चुकीचं उत्तर खोडून बरोबर गोल भरायचा, एवढीच ती कारागिरी.

खोडाखोड न करताही पाणी घालता येतं, आणि ते जास्त बेमालूम. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कॅडेटना कुठला प्राध्यापक मिळेल हे चिठ्ठीसारखंच यदृच्छेने ठरतं. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. संशोधकाला दुसरं काय हवं? स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे तपासले. पहिल्या कॅलक्युलसच्या परीक्षेत ज्यांच्या मुलांना जास्त मार्क पडले ते प्राध्यापक बहुधा कमी अनुभवी होते, आणि त्यांच्याच मुलांची पुढच्या, अवघड गणितात दमछाक झाली. जुन्याजाणत्यांच्या हाताखाली पहिल्या परीक्षेत मार्क कमी, पण पुढच्या वर्गात पाया पक्का. विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्रायात वाहवा मात्र पहिल्यांची झाली होती. म्हणजे त्याच वर्षीचे मार्क मोजले असते तर यंत्राने आणि पोरांनी मिळून नेमक्या चुकीच्या माणसाच्या गळ्यात हार घातला असता.

ही सगळी आश्चर्यं विद्यापीठातल्या निबंधांत राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण २००९ साली ओबामा सरकारने 'रेस टू द टॉप' या योजनेत ४३५ कोटी डॉलर ठेवले आणि राज्यांना सांगितलं, शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीशी जोडाल तर स्पर्धेत गुण मिळतील. मंदीचा काळ, तिजोऱ्या रिकाम्या. राज्यांमागून राज्यांनी कायदे केले. चित्रकलेच्या, खेळाच्या शिक्षकांचं काय? त्यांच्या विषयाची राज्यस्तरीय परीक्षाच नाही. मग त्यांना शाळेच्या गणित-वाचनाच्या आकड्यांत वाटेकरी केलं. फ्लोरिडात एका पहिलीच्या शिक्षिकेचं मूल्यमापन दुसऱ्याच शाळेतल्या चौथी-पाचवीच्या मुलांच्या मार्कांवर झालं, ज्यांना तिने कधी शिकवलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश म्हणाले, हे अन्यायाचं आहे, पण घटनाबाह्य नाही. वरच्या कोर्टानेही ते उचलून धरलं.

न्यूयॉर्क शहराने २०१२च्या फेब्रुवारीत सुमारे १८ हजार शिक्षकांचे क्रमांक नावानिशी जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. त्या आकड्यांसोबत एक तळटीप होती. शिक्षकांना पर्सेंटाइलच्या शिडीवर १ ते १०० पायऱ्यांत उभं केलेलं होतं आणि अनिश्चिततेचा पट्टा गणितात सरासरी ३५ पायऱ्यांचा, इंग्रजीत ५३ पायऱ्यांचा होता. मधोमध, पन्नासाव्या पायरीवर दिसणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षिकेची खरी जागा चोविसावी असेल किंवा शहात्तरावी असेल. गल्लीतल्या पालकांनी तळटीप वाचली असेल असं समजायला जागा नाही.

न्यूयॉर्क राज्यातच, ग्रेट नेक नावाच्या सुखवस्तू उपनगरात, शेरी लेडरमन चौथीला शिकवत होत्या. २०१२-१३ साली प्रगतीच्या रकान्यात त्यांना २० पैकी १४ मिळाले. पुढच्या वर्षी त्याच रकान्यात १. चौदाचा एक! बाई त्याच, खोली तीच, दोन्ही वर्षी मुलांचे मार्क जवळपास सारखे आणि राज्याच्या सरासरीहून कितीतरी वर. खरी अडचण तीच होती: मुलं आधीच इतकी वर होती की त्यांना अजून वर जायला जागा नव्हती. शंभरापैकी सत्त्याण्णव पाडणाऱ्या पोराची प्रगती दाखवायची कुठे? त्यातून वर्ग लहान, म्हणजे एकदोन मुलांच्या चुकीने काटा हलणार. आणि क्रमवारी घंटेच्या आकाराच्या आलेखात कोंबलेली, त्यामुळे कितीही चांगलं झालं तरी ठराविक टक्के शिक्षक तळाला टाकणं भागच.

लेडरमनबाईंचे यजमान ब्रूस वकील होते. त्यांनी राज्याच्या शिक्षण आयुक्तांवर खटला भरला, बायकोचा खटला स्वतः चालवला, देशभरातल्या संख्याशास्त्राच्या पंडितांची प्रतिज्ञापत्रं जोडली. २०१६च्या मे महिन्यात ऑल्बनीचे न्यायमूर्ती रॉजर मॅकडोनो यांनी निकाल दिला. तो एक गुण मनमानी आणि लहरी असल्याचं सांगून त्यांनी रद्द केला. अख्खी पद्धत त्यांनी मोडीत काढली नाही, कारण तोवर राज्याने नियम बदलायला घेतले होते. पण चौदाचा एक का झाला, याचं उत्तर सरकारी बाजूला कोर्टात देता आलं नाही, हे निकालात नोंदलेलं आहे.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनला भांडण वेगळ्याच मुद्द्यावर झालं. सँडर्स २०००च्या सुमारास आपली पद्धत घेऊन एसएएस या सॉफ्टवेअर कंपनीत गेले होते. ह्यूस्टनचा शाळा विभाग त्या कंपनीकडून शिक्षकांचे गुण विकत घेत होता. शिक्षक संघटनेने विचारलं, आमचा गुण कसा निघाला ते दाखवा, आम्ही ताळा करून बघतो. कंपनी म्हणाली, सूत्र हे आमचं व्यापारी गुपित. आणखी एक चमत्कारिक गोष्ट सुनावणीत पुढे आली. एका शिक्षकाच्या आकड्यात चूक सापडली तरी ती दुरुस्त करणं सोपं नव्हतं, कारण सगळ्यांचे गुण एकमेकांशी ताडून निघालेले. एकाचा आकडा बदलला की पुन्हा सगळा हिशोब मांडा, आणि मग बाकीच्यांचेही आकडे हलणार. २०१७च्या मे महिन्यात न्यायाधीश स्टीफन स्मिथ यांनी शिक्षकांचा दावा चालण्याजोगा ठरवला. ताळा करता येत नाही अशा गुणावर माणसाची नोकरी जाणं हा त्याच्या हक्कांना धोका आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी विभागाने तडजोड केली: पडताळता न येणाऱ्या गुणावर कुणाला काढणार नाही.

अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने हे वादळ चालू असताना, २०१४ साली, एक निवेदन काढलं होतं. मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो, त्यातला शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के इतकाच येतो. बाकीचं घर, वस्ती, शाळेची व्यवस्था, धोरणं आणि नशीब. २०१५च्या अखेरीस केंद्राचा नवा शिक्षण कायदा आला आणि वॉशिंग्टनने ही सक्ती सोडून दिली. गेट्स फाउंडेशनने तीन शहर-जिल्ह्यांत आणि काही खासगी व्यवस्थापनाच्या शाळांत मूल्यमापनाचा मोठा प्रयोग चालवला होता, सगळ्यांचा मिळून खर्च ५७.५ कोटी डॉलर. रँड संस्थेने २०१८ साली त्याचा हिशोब मांडला, तर मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. टेनेसीत मात्र सँडर्सचं यंत्र अजून चालू आहे.

पैसा आणि निकाल यांची सांगड ही काही अमेरिकेची नवी कल्पना नव्हे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेशी बांधलं. शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड याविरुद्ध ओरडत राहिले. शाळेत घोकंपट्टीच उरली आहे, हे ते तपासणीला जाऊन बघत होते. तीच कल्पना बोटीत बसून मुंबई इलाख्यात आली आणि इथल्या शाळांनाही निकालावर अनुदान मिळू लागलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. गरीब आणि अशिक्षित समाजात शिक्षणाचा प्रसार करायला ही पद्धत उपयोगाची नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, त्यांच्यासाठी निकालाच्या भरवशावर शाळा काढून कुठला शिक्षक पोट भरणार? जिथे मूल मुळात खूप मागून सुरू करतं, तिथे शिक्षकाला शिक्षा होते, हीच ती अडचण. सँडर्सच्या पद्धतीने सोडवायला घेतली होती तीही हीच, शंभरेक वर्षांनी. तेवढ्यापुरतं म्हणाल तर त्यांचं यंत्र लो साहेबांच्या कोष्टकापेक्षा फार फार पुढे होतं.

माझं मत विचाराल तर हे यंत्र फेकून देऊ नये. पाच हजार शिक्षक एकत्र पाहायचे असतील, अनुभवाने शिकवणं सुधारतं का, कुठल्या प्रशिक्षणाने फरक पडतो, गरीब वस्तीत कमी दर्जाचे शिक्षक जास्त पाठवले जातात का, असल्या प्रश्नांना त्याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं कुणी देत नाही. तिथे धूळ आपसांत वजा होऊन जाते. एका बाईंवर ते रोखलं की धूळच मोजली जाते.

आणि अजून एक शोध शिल्लक आहे. किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायनातल्या नववीच्या मुलांचे आकडे घेऊन परीक्षेच्या मार्कांऐवजी दुसऱ्याच गोष्टी पाहिल्या: मूल शाळेला दांडी किती मारतं, शिस्तभंगासाठी घरी किती वेळा पाठवलं जातं, रोजच्या वर्गकामात कसं करतं, वेळेवर पुढच्या इयत्तेत जातं का. काही शिक्षक मार्क वाढवत होते, काही शिक्षक या गोष्टी सुधारत होते, आणि ते बहुधा एकच शिक्षक नव्हते. पुढे बारावी पूर्ण होईल की नाही हे सांगायला दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांचा परिणाम मार्कांपेक्षा कितीतरी जास्त कामाला आला. चौथीच्या बाईंची विरून गेलेली खूण मधली वर्षं कुठे दडते, याचा हा कदाचित पहिला धागा.

हे वाचल्यावर एखाद्या उत्साही शिक्षणाधिकाऱ्याला वाटेल, चला, मग मार्क सोडू आणि हजेरी मोजू. जॅक्सनच्या आकड्यांना अर्थ होता, कारण त्या नोंदी करताना कुणाचा पगार त्यांवर टांगलेला नव्हता. हजेरीपट शिक्षकच भरतो, आणि २०११च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने एकाच वेळी राज्यभर पटपडताळणी केली तेव्हा पटावर किती मुलं होती आणि वर्गात किती, हे आपण पाहिलेलं आहे.